गिअरची सायकल, खड्ड्यांचा रस्ता, रोजची फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माउंटन बाइक हौसेने घेतली, दोन-चार रविवार फिरून झाले आणि मग तिच्यावरूनच रोज कामाला जायचं ठरलं, की प्रश्न सुरू होतात. डबा कुठे ठेवायचा, पावसात पाठीवर उठणाऱ्या चिखलाच्या रेघेचं काय करायचं, ऑफिसच्या आवारात सायकल टेकवायची कशाला. कोणी शहराच्या कडेच्या गावातून कंपनीत जातं, कोणी शाळेवर, कोणी शेतावर. रस्ता सगळ्यांचा साधारण सारखाच: थोडं डांबर, मग उखडलेली खडी, मध्येच पाइपलाइनसाठी खोदून नुसता मुरूम टाकलेला पट्टा, पुढे पेव्हर ब्लॉक, शेवटी पाणंद.

वाचताना एक धरून चला. खराब रस्त्यावर वस्तू क्वचित मोडते. तिला धरणारा बोल्ट, क्लॅम्प किंवा पट्टा आधी जातो. म्हणून इथे काय घ्यावं यापेक्षा कसं बसवावं हेच जास्त सापडेल.

एवढे पैसे मोजूनही मडगार्ड, कॅरिअर, स्टँड का येत नाही? काळ्या सायकलला तर सगळं असायचं.

कारण या सायकलचा जन्म डबा नेण्यासाठी झालेला नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली डोंगरउतारावरून हाकायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. उतारावर आपटणाऱ्या सायकलला मडगार्ड म्हणजे वाकणारा पत्रा आणि कॅरिअर म्हणजे फुकटचं ओझं, म्हणून ते आधी उतरवलं गेलं. पुढे कारखान्यांनी तोच उघडा साचा उचलला आणि आपल्याकडच्या शोरूममध्येही तोच येतो. काळी सायकल मात्र दूधवाला, पोस्टमन, गिरणीतला कामगार यांना डोळ्यांसमोर ठेवून बनायची: चेनकव्हर, भक्कम कॅरिअर, दोन पायांचा स्टँड, सगळं अंगचंच. तुम्हाला करायचंय ते एवढंच, की काळ्या सायकलचं ते सामान गिअरच्या सायकलवर चढवायचं. फ्रेमला त्यासाठी जागा ठेवली आहे की नाही, यावर बाकी सगळं ठरतं.

सगळं एकदम परवडणार नाही. आधी काय घेऊ?

हेल्मेट आहे असं धरतो. त्यानंतर पंक्चरचं सामान आणि पंप, मग पुढचा-मागचा दिवा, मग मडगार्ड, मग कॅरिअर. स्टँड, आरसा, मोबाइलचा होल्डर, बाटलीची जाळी हे सवडीने. जून तोंडावर आला असेल तर मडगार्ड दिव्याच्याही आधी घ्या, पण अंधारात परतणार असाल तर तेही नको, दिवाच आधी. दुकानात मात्र नेमका उलटा क्रम पुढे येतो. सगळ्यात आधी काउंटरवर जेलचं सीट कव्हर आणि रंगीत मुठी येतात.

जाड बटनांचे टायर बदलून गुळगुळीत घ्यावेत का?

अर्धवट बदल करा. डांबरावर मोठ्या बटनांचा टायर घूं घूं आवाज करतो, जोर खातो आणि मधली बटनं लवकर घासून सपाट होतात. पण सडपातळ गुळगुळीत टायर खड्ड्याच्या काठावर रिंगला थेट मार देतो. रोजच्या मिश्र रस्त्याला मध्यभागी जवळजवळ सलग पट्टी आणि कडेला छोटी बटनं असलेला, १.९ ते २.१ इंच रुंदीचा टायर चांगला. १.७५ चालेल. त्याच्या खाली उतरू नका.

टायर मागताना बाजूवर छापलेला पूर्ण आकडा सांगा. २६ इंची माउंटन बाइकच्या रिंगचा मोजायचा व्यास ५५९ मिमी, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२ असतो. हा तीन आकडी नंबर टायरवर लिहिलेला असतो आणि तोच खरा. ‘सव्वीसचा द्या’ म्हटलं की कधीकधी जुन्या सायकलचा भलताच सव्वीस हातात पडतो आणि घरी येऊन तो रिंगवर चढत नाही.

हवा किती ठेवायची? पंक्चरवाला टणक होईपर्यंत भरतो.

त्याच्याकडे दिवसभर मोटारसायकली आणि काळ्या सायकली येतात, त्याचा हात तसा बसलेला. तुमच्या टायरवर किमान-कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या आतच राहायचं. ६५-७५ किलोचा माणूस आणि दोन इंची टायर असेल तर पुढे ३० ते ३५ आणि मागे ३५ ते ४० पीएसआयपासून सुरुवात करा. मागे सामान असेल तर मागच्या चाकात आणखी चार-पाच. फार टणक टायर प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोहोचवतो. फार मऊ असेल तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिंग आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. काढलेल्या ट्यूबवर अशी जोडचीर दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठेही हवा भरता येते आणि मोजताही येते. बारीक, टोकाला पितळी फिरकी असलेला असेल तर त्यावर बसणारी पितळी टोपी मिळते. छोटी वस्तू आहे, एक पाकिटात आणि एक सायकलच्या पिशवीत टाकून ठेवा.

आठवड्याला पंक्चर होतंय. जाड ट्यूब, ट्यूबमध्ये भरायचं भोक बुजवणारं सीलंट की टायरच्या आतली पट्टी?

आधी पंक्चर कशाने होतंय ते पाहा. आपल्याकडे तीन नेहमीचे गुन्हेगार आहेत. शेताच्या वाटेवर बाभळीचा काटा: लांब, सरळ, कधी टायरच्या कडेतूनही घुसतो. पावसाळा संपल्यावर रस्त्याच्या कडेच्या मातीत सराटे: वेल जमिनीसरशी पसरलेली, फळ वाळलं की त्याचं एक ना एक टोक वरच राहतं. आणि हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या पोलादी तारेचे केसासारखे बारीक तुकडे. ही तार सगळ्यात त्रासदायक, कारण ती टायरमध्येच अडकून राहते, डोळ्यांना दिसत नाही आणि नव्या ट्यूबला दुसऱ्या दिवशी परत टोचते.

म्हणून पंक्चर काढताना ट्यूबइतकंच लक्ष टायरकडे द्या. ट्यूबचं भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते टायरवर ताडून पाहा आणि तिथे आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, कापतं. फडक्याचा धागा जिथे अडकेल तिथे तार. ती बाहेरून ढकलून बारीक तोंडाच्या पकडीने आतून ओढायची. पकड नसेल तर नेलकटरही चालतं.

सराट्यांवर सीलंट छान चालतं, कारण भोकं लहान पण पुष्कळ असतात. तारेवरही बरं. बाभळीच्या मोठ्या काट्याला टायरच्या आतली पट्टी बरी, पण तिची कापलेली टोकं ट्यूबला घासून स्वतःच पंक्चर करतात; टोकं गोल कापा आणि त्यावर कापडी चिकटपट्टी लावा. एवढं करूनही जवळ एक नवी ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि पंप हवाच. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आत सुकून जाते. नेमकी रस्त्यात ती रिकामी निघते. दर पावसाळ्याआधी नवी घ्या.

मडगार्ड कोणता? अर्धा क्लिपचा की पूर्ण?

याचं उत्तर तुमच्या मातीवर आहे.

शहरात, डांबर आणि पेव्हर ब्लॉकवर फिरत असाल तर चाकाला जवळून वेढणारा पूर्ण मडगार्ड सगळ्यात चांगला. पाणी उडत नाही, चेन आणि पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) स्वच्छ राहतो, मागून येणाऱ्याच्या तोंडावरही काही जात नाही. टायरपेक्षा सेंटीमीटरभर तरी रुंद घ्या.

कोकणातली लाल माती ओली झाली की पातळ होऊन उडते. तिलाही पूर्ण मडगार्ड चालतो, फक्त खालचं टोक लांब हवं. तिथे जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा दोन बोल्टने लावा. पुढच्या चाकामागचा हा फडफडता तुकडा बूट आणि बॉटम, म्हणजे पॅडल जिथे फिरतात तो फ्रेमचा सांधा, वाचवतो.

काळ्या मातीत मात्र हिशोब बदलतो. सोलापूर, लातूर, जालना, यवतमाळकडचं ज्यांचं रान आहे त्यांना सांगायला नको. पहिल्या पावसानंतर पाणंदीत शे-दोनशे मीटर गेलात की माती टायरला थर धरते, त्यात वाळलेलं गवत आणि काडीकचरा मिसळतो आणि जवळ बसवलेल्या मडगार्डखाली हे सारण ठासून भरतं. चाक फिरायचं थांबतं. जोर लावला तर मडगार्डची काडी वाकते, आणखी जोर लावला तर ती आऱ्यांत जाते. अशा ठिकाणी टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं उभी सरकतील एवढी मोकळी जागा ठेवा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे मागे सीटच्या दांड्याला लागणारा उंच मडगार्ड आणि पुढे खालच्या पाइपला पट्ट्यांनी बांधायचा प्लॅस्टिकचा पत्रा. अंगावर थोडं उडेल, पण सायकल खांद्यावर घेऊन यावं लागणार नाही. आणि कॅरिअरच्या काडीत एक चपटी काठी खोचून ठेवा, माती खरवडायला.

पुढे सस्पेन्शन आहे. मडगार्ड बसतो का?

बसतो, पण हलणारा भाग आणि न हलणारा भाग यांची गल्लत करू नका. सस्पेन्शनचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, दाबला जातो तेव्हा चाक वर येतं, साधारण ८० ते १०० मिमी. मडगार्डचं वरचं टोक चिमट्याच्या वरच्या भागाला आणि खालच्या काड्या चाकाच्या एक्सलजवळ बांधल्या, तर पहिल्याच खड्ड्यात काड्या वाकतील. एकतर सगळा मडगार्ड चाकाबरोबर हलणाऱ्या खालच्या पायांना आणि त्यांच्या कमानीला बांधा, नाहीतर सगळा वर. वर बसवायचा प्रकार चिमट्याच्या पोकळ नळीत खालून घुसतो. बोल्ट आवळला की आतलं रबर फुगून धरतं. हा चाकापासून बराच वर राहतो, म्हणून चिखलात अडकत नाही. बसवल्यावर हँडलवर पूर्ण भार टाकून चिमटा तळापर्यंत दाबून बघा. टायर लागला तर घरीच कळेल.

माझ्या सायकलला कॅरिअर बसेल का, हे कसं ओळखू?

सायकल भिंतीला टेकवा आणि मागच्या चाकाच्या एक्सलजवळ, फ्रेमच्या कानाला आटे पाडलेलं भोक दिसतंय का पाहा. बहुतेक ५ मिमीचं असतं. मग सीटच्या खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या बारीक नळ्यांवर तशीच भोकं आहेत का पाहा. चारही असतील तर साधा चार ठिकाणी लागणारा कॅरिअर घ्या आणि खुशाल वापरा. त्यावर भाराची मर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा २५ किलो. खड्ड्यांच्या रस्त्यावर मी तिच्या निम्म्यालाच भरलेला समजतो.

वरची भोकं नसतील तर सीटच्या नळीवरचा क्लॅम्प बदलून कॅरिअरसाठी भोकं असलेला क्लॅम्प मिळतो. खालची नसतील तर नळीला वेढणारे रबर लावलेले धातूचे पट्टे मिळतात. तेही चालतात, पण महिन्यातून एकदा ते खाली सरकलेत का बघावं लागतं.

डिस्क ब्रेक असेल तर डाव्या बाजूला कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग, कॅरिअरच्या पायाच्या वाटेत येतो. दुकानदार लांब बोल्ट टाकून मध्ये वॉशरची चवड लावतो. अशाने बोल्ट ओढला न जाता वाकवला जातो आणि खड्ड्यांत तिथेच तुटतो. डिस्कसाठीच बाहेर वळवलेल्या पायाचा कॅरिअर मिळतो, तो मागून घ्या.

उजव्या बाजूची एक गोष्ट तर बसवणारेही विसरतात. बोल्ट आत जास्त निघाला तर चेन सगळ्यात लहान चकतीवर आल्यावर त्याच्या टोकाला घासते. आधी नुसती टकटक येते, मग चेन अडकते. बसवून झाल्यावर मागचं चाक उचला, सगळ्यात लहान चकतीवर गिअर टाका, पॅडल फिरवा आणि चेन व बोल्टच्या मध्ये पोस्टकार्ड सहज जातंय का पाहा.

मागेही सस्पेन्शन असलेली सायकल असेल तर बहुतेक कॅरिअर तिच्यासाठी नाहीत. पाठीवरची पिशवी घ्या.

सीटच्या दांड्याला लागणारा कॅरिअर बरा नाही का? पाच मिनिटांत बसतो.

पाच मिनिटांत बसतो आणि खड्ड्यांत पाच दिवसांत तिरका होतो. त्याची मर्यादा साधारण ८ ते १० किलो असते आणि सगळा भार एका क्लॅम्पवर लोंबतो. डबा आणि रेनकोट एवढंच नेत असाल तर चालेल. क्लॅम्पखाली ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे फिरणार नाही. तांदळाची पिशवी, गॅसचा छोटा सिलिंडर, पोरगं, यातलं काहीही त्यावर नको.

गावातला वेल्डर म्हणतो, थेट फ्रेमलाच कॅरिअर वेल्ड करून देतो. मजबूत होईल ना?

नको. फ्रेम अॅल्युमिनियमची असेल, आणि गिअरच्या बऱ्याच सायकलींची असते, तर बहुधा ती ६०६१ जातीच्या मिश्रधातूची असते. कारखान्यात वेल्डिंगनंतर पूर्ण फ्रेम भट्टीत तापवून तिला ताकद आणलेली असते. गावात पुन्हा वेल्ड मारला की त्याच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि मग भेग तिथूनच निघते. लोखंडी फ्रेमचं एवढं होत नाही, पण तिच्या नळ्याही पातळ असतात. रंग जळतो आणि आतून गंज धरतो. भोकंही पाडू नका, वॉरंटी जाते ती वेगळीच.

त्या वेल्डरचा हात चांगला असेल तर त्याच्याकडून कॅरिअर सुटा बनवून घ्या. लोखंडी सळईचा, तुमच्या फ्रेमची मापं घेऊन, चारही पायांना चपटी पट्टी आणि तिला बोल्टचं भोक. बाजारच्या कॅरिअरपेक्षा किलोभर जड होईल, पण दुधाचा कॅन नेईल. पट्टीची कड घासून गोल करून घ्यायला सांगा, नाहीतर पिशव्या फाटतात.

सामान बांधायला लवचिक हुकाची दोरी पुरते का?

डांबरावर पुरते. खड्ड्यांत हुक उडतो आणि दोरी चाकात जाते. मागचं चाक एकदम अडकलं की काय होतं ते सांगायला नको. जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून गाठ मारून बांधा. दूधवाले वर्षानुवर्षं तेच करतात. सुटलं तरी लोखंडी हुक नसतो. बाजूला लटकणाऱ्या पिशव्या घेत असाल तर पॅडल मारताना टाच लागते का ते दुकानातच बसून पाहा. माउंटन बाइकचा मागचा भाग आखूड असतो, त्यामुळे पिशवी मागे सरकवावी लागते.

पुढे हँडलवर टोपली लावायची तर दोन-तीन किलोच्या वर नको. हँडल जड झालं की मऊ मुरुमात पुढचं चाक मनाला येईल तिकडे जातं.

स्टँड कुठला?

मागच्या चाकाजवळ, फ्रेमच्या कोपऱ्यात लागणारा एका पायाचा, लांबी कमी-जास्त होणारा. बॉटमच्या मागे दोन नळ्यांना चिमटून बसणारा प्रकार अॅल्युमिनियमच्या नळ्या दाबून चपट्या करतो. तिथे फ्रेमलाच सपाट पट्टी दिलेली असेल तरच तो घ्या. डिस्कचा कॅलिपर खालच्या नळीवर असेल तर मागचा स्टँड आडवा येऊ शकतो, म्हणून सायकल घेऊनच दुकानात जा. आणि स्प्रिंग ओढून बघा. ढिली स्प्रिंग असलेला स्टँड खड्ड्यात आपोआप खाली येतो आणि डावीकडे वळताना जमिनीला लागतो.

दिवा किती लुमेनचा घ्यावा?

लुमेन म्हणजे उजेडाचं माप. शहरातल्या उजेडात तुम्ही दिसणं महत्त्वाचं, तिथे १०० लुमेनही चालतील. खांबावर दिवे नसलेल्या रस्त्यावर खड्डा वेळेत दिसायला ३०० ते ४०० लागतात. खोक्यावर हजारो लुमेन लिहिलेले स्वस्त दिवे असतात, त्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. बॅटरी किती तास चालते हेही सगळ्यात मंद उजेडावरचं लिहिलेलं असतं. तुमच्या फेरीच्या दुप्पट वेळ मधल्या उजेडावर चालणारा घ्या. पाण्याबाबत खोक्यावर आयपीएक्स आणि पुढे एक आकडा असतो. ४ म्हणजे उडतं पाणी सोसेल, ६ म्हणजे जोराची धारही. यूएसबीच्या तोंडावरची रबरी टोपी घट्ट बसते का पाहा, पहिल्या पावसात दिवे बहुतेक तिथूनच मरतात.

पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका. अंधारात लुकलुकणाऱ्या उजेडात खड्ड्याची खोली कळत नाही आणि समोरचा दिपतो. उजेडाचा मधला ठिपका सात-आठ मीटरवर जमिनीवर पडेल असा वाकवा. रबरी पट्ट्याचे दिवे हादऱ्यांनी हळूहळू खाली झुकतात आणि उजेड पुढच्या चाकावर पडू लागतो. हँडलवर ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यावर दिवा बसवला की थांबतं.

मागचा लाल दिवा सीटखाली लावला आणि कॅरिअरवर पिशवी ठेवली की दिवा गायब. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. वर-खाली हलणारा ठिपका गाडीवाल्याला लांबून सायकल म्हणून कळतो.

सांगली-कोल्हापूरकडे गळीत हंगामात रात्री ये-जा असेल तर पुढच्या दिव्यावर जास्त खर्च करा. ऊस भरलेली ट्रॉली मागे दिवा नसताना रस्त्यात उभी असते आणि तिच्या मागून बाहेर आलेले ऊस बरोबर तुमच्या छातीच्या उंचीला येतात. पावसाळ्यात हीच गोष्ट डांबरावर बसलेल्या गुरांची. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर शंभर लुमेनमध्ये दिसत नाही.

बॅटरीच नको. जुना बाटलीचा डायनामो लावू?

बटनांच्या टायरवर तो नीट फिरत नाही, उड्या मारतो आणि टायरची बाजू खातो. ओल्या चिखलात घसरतो. चाकाच्या हबमधला डायनामो, ६ व्होल्ट ३ वॅटचा, उत्तम असतो, पण त्यासाठी चाक नव्याने विणावं लागतं आणि खर्च बराच येतो. रोज दोन-तीन तास अंधारात चालवणाऱ्यालाच तो परवडेल.

घंटी लावावी की हॉर्न?

घंटी. ती माणसांसाठी आणि कुत्र्यांसाठी आहे. ट्रकवाल्याला तुमचा कुठलाच आवाज ऐकू जात नाही, त्याच्यासाठी आरसा लावा: उजव्या मुठीच्या टोकाला, कारण आपल्याकडे मागची वाहनं उजवीकडून येतात.

चिमट्याचं दबणं थांबवणारी सस्पेन्शनची कळ उघडी ठेवायची की बंद?

चांगल्या डांबरावर आणि चढाला बंद, बाकी उघडी. बंद करून खड्ड्यात आपटू नका, आतली यंत्रणा खराब होते. चिमट्याच्या चकचकीत नळ्या रोज फडक्याने पुसा. त्यांवर चेनचं तेल किंवा ग्रीस चोपडू नका, धूळ चिकटून सील कापलं जातं.

जेलचं सीट कव्हर?

बूड दुखतं ते बहुधा सीट खाली किंवा नाक वर असल्याने. आधी उंची आणि कल जुळवा. मऊ कव्हर घामाने ओलं होतं आणि जांघा घासतात.

सगळं बसवलं, आता सायकल खडखडते. आवाज कुठून येतो ते कळत नाही.

सायकल उभी धरा, मागचं चाक वीतभर उचला आणि सोडा. आवाज येतो. आता एकेक वस्तू हाताने घट्ट धरून तेच करा: मडगार्डची काडी, कॅरिअरचा डावा पाय, उजवा पाय, बाटली, घंटी, कुलूप. जी धरल्यावर आवाज बंद होईल ती दोषी.

आवळण्याआधी तो बोल्ट पूर्ण काढा. आटे पुसून त्यावर निळ्या रंगाचं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब टाका आणि मग आवळा. निळंच, लाल घेतलंत तर पुढच्या वेळी बोल्ट तापवूनच निघेल. नट लागत असेल तर आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरा. ५ मिमीच्या बोल्टला साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर जोर पुरतो, म्हणजे आखूड एलन कीवर दोन बोटांचा. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये मनगटाचा जोर लावला की आटे जातात. तसे गेलेच तर नवे आटे पाडणारा कारागीर शोधावा लागतो.

नवीन बसवलेलं सगळं पहिल्या आठवड्यानंतर एकदा आवळायचंच, कारण रंग आणि रबर दबून जागा होते. त्यानंतर महिन्याने, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. त्याच वेळी चाक फिरवून रिंग आऊट झाली आहे का तेही पाहा. एक आरा ढिला पडला की शेजारचे लगेच मागे लागतात.

पेट्रोल पंपाशेजारी प्रेशरने सायकल धुतली तर?

मोटारसायकल धुवा, सायकल नको. जोराची धार हबच्या आणि बॉटमच्या छर्ऱ्यांपर्यंत पाणी नेते आणि ग्रीस बाहेर काढते. बादली, जुना ब्रश, हलकं साबणपाणी. चेन रॉकेलने पुसून कोरडी झाली की तेल घाला आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. पावसात घट्ट तेल, उन्हाळ्यात पातळ. घट्ट तेलावर उन्हाळ्याची धूळ बसून काळी पेस्ट होते आणि चकत्या झिजवते.

तेल घालताना डिस्क फडक्याने झाका. तेलाचा एक शिंतोडा पॅडवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. डिस्क स्पिरिटने पुसता येते, पण पॅड बहुतेक वेळा बदलावेच लागतात. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड मिटतात आणि डिस्क आत जात नाही.

पाच वर्षांच्या मुलीला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडू का?

नुसत्या कॅरिअरवर नाही. मुलांच्या मागच्या सीटला पट्टा, पाठ आणि पायांना संरक्षण असतं, नाहीतर पाय आऱ्यांत जातो. अशा सीटची मर्यादा बहुधा २२ किलोपर्यंत असते; आधी तिचं वजन करा, मग कॅरिअरवर छापलेला आकडा पाहा. सीटचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं. रस्ता उखडलेला असेल तर तेवढा तुकडा तिला उतरवून हाताला धरून चालवा.

चोरीचं काय? चाकं तर कळ फिरवली की निघतात.

ती कळ असलेली दांडी काढून एलन कीने उघडणारी दांडी घाला, चाकं आणि सीट दोन्हींना. फार महाग नाही. कुलूप फ्रेम आणि मागच्या चाकातून घेऊन न हलणाऱ्या खांबाला लावा. बारीक केबलचं कुलूप पकडीने कापतं. यू आकाराचं घ्या आणि ते कॅरिअरवर ट्यूबच्या पट्टीने आवळा, नाहीतर त्याचीच खडखड सुरू होते. दिवे आणि पंप उतरवून बरोबर न्या. फ्रेमचा नंबर बॉटमच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढा आणि बिलाच्या फोटोबरोबर ठेवा, पोलिस ठाण्यात तोच मागतात.